धबधब्याचे ‘शिंतोडे’ उडतात की ‘तुषार’? मुलीच्या वहीवरून घरात वाद

फोंडेकर_बाबा

नमस्कार मंडळी, विषय तसा किरकोळ आहे पण दोन दिवस घरात तेच चाललंय म्हणून शेवटी इथे विचारतो. धाकटी चौथीत आहे, मराठी माध्यम. गेल्या रविवारी आम्ही साखळीला पाहुण्यांकडे गेलो होतो, येताना हरवळ्याचा धबधबा बघितला, पाऊस दोन दिवस धो धो पडून गेलेला त्यामुळे पाणी नुसतं गर्जत होतं. रुद्रेश्वराच्या देवळाकडून खाली उतरलो तर अजून धबधबा नीट दिसायच्या आधीच तोंड ओलं. पोरगी खूष. सोमवारी शाळेत निबंध आला ‘मी पाहिलेला धबधबा’, तिने लिहिलं, “धबधब्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर उडाले आणि मला थंड थंड वाटले.” बाईंनी ‘शिंतोडे’ खाली लाल रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘तुषार’ लिहिलं आणि अर्धा मार्क कापला.

आता पोरीचं म्हणणं की तुषार हा चुलतभावाचा मित्र आहे, तो धबधब्यात कुठून आला. बायको म्हणते बाई बरोबर आहेत. मी म्हटलं तुषार म्हणजे तर बर्फ, आम्ही शाळेत रोज सकाळी ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’ म्हणायचो तेव्हा मास्तरांनी अर्थ सांगितलेला, कुंदाची फुलं, चंद्र आणि बर्फासारखी पांढरी. मग हरवळ्याला बर्फ कसला? आई आतून ओरडली की मार्काचं काय ते नंतर बघा, आधी पोरीचे केस पुसा.

तर खरा अर्थ काय, आणि शिंतोडे, तुषार, थेंब, फवारे यात फरक काय? की सगळं एकच आणि मास्तर लोकांना उगीच शब्द बदलायची हौस?

आबोली_म्हापसा

बाई बरोबर. शिंतोडे चिखलाचे उडतात. पावसात स्कूटरवरून जा, पुढून एक बस जाऊ दे, घरी जाऊन पाठ बघा, ते शिंतोडे. धबधब्याचे तुषार. एवढं सोपं आहे, वाद कसला 😄

अण्णा_डिचोली

एवढं सोपं नाही हो आबोलीताई. मी निवृत्त शिक्षक आहे, मराठी आणि संस्कृत दोन्ही शिकवलं, तेव्हा जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

बाबा, तुमच्या मास्तरांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं. अमरकोशात ओळच आहे, “अवश्यायस्तु नीहारस्तुषारस्तुहिनं हिमम्”, म्हणजे दव, धुकं, बर्फ या गोत्रातले सगळे शब्द एका रांगेत बसवलेत आणि तुषार त्यात आहे. हिमालयाला तुषाराद्री म्हणतात ते त्यावरूनच. पण त्याच संस्कृतात तुषारचा दुसरा अर्थ पाण्याचे उडालेले बारीक कण असाही आहे आणि तो काही कुणी मराठी माणसाने नंतर घुसडलेला नाही. रघुवंशाचा दुसरा सर्ग काढा, तेरावा श्लोक. दिलीप राजा नंदिनी गाय घेऊन हिमालयाच्या रानात हिंडतोय, व्रतात असल्यामुळे डोक्यावर छत्र नाही, उन्हाने दमलाय, आणि वारा त्याची सेवा करतोय. तो वारा कसा, तर “पृक्तस्तुषारैर्गिरिनिर्झराणाम्”, डोंगरातल्या झऱ्यांच्या तुषारांत मिसळलेला. इथे बर्फ असा अर्थ लावला तर गंमतच जाते. मल्लिनाथाने टीकेत इथे तुषारचा अर्थ सीकर असाच दिलाय, सीकर म्हणजे उडणारे जलकण.

म्हणजे बघा, तुमच्या पोरीला हरवळ्याला जे झालं तेच कालिदासाने दिलीप राजाला करवलं. घाम आलेला, वरून पाणी पडतंय, आणि वाऱ्याबरोबर त्याचा बारीक गारवा तोंडावर येतो. फक्त दिलीपाचे केस पुसायला आजी नव्हती.

मराठीने संस्कृतातले दोन अर्थ घेतले आणि त्यातला बर्फाचा हळूहळू बाजूला ठेवला, कारण आपल्याकडे बर्फ पडतो कुठे? पाण्याचे कण मात्र रोज लागतात. आज मराठी माणूस तुषार म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर कारंजं, धबधबा किंवा खडकावर फुटणारी लाट येते.

रेल्वेवाला

अण्णा मस्त. यात हिंदीची भर घालतो कारण मी नोकरीत आठ वर्षं कानपूरकडे काढलीत. तिथे पहिल्या हिवाळ्यात पेपरात मथळा वाचला की तुषारापाताने बटाट्याचं पीक गेलं. मी म्हटलं पाण्याच्या तुषारांनी बटाटा कसा जाईल, उलट बरंच की! शेजारच्या टेबलावरचा मिश्राजी माझ्याकडे बघतच राहिला. तिथे तुषार म्हणजे पाला, कडाक्याच्या थंडीत पिकावर गोठतो तो. ‘आशाओं पर तुषारापात’ असंही म्हणतात, आपण आशेवर पाणी पडलं म्हणतो तसं. आणि आपल्या तुषारांना त्यांच्याकडे फुहार.

त्यामुळे हिंदीवरून मराठी लिहिणाऱ्यांनी जपून. एकदा एका जाहिरातीत मी ‘तुषारापासून पिकाचे रक्षण करा’ असं मराठीत वाचलंय 🤦 आपल्या शेतकऱ्याने त्याचा अर्थ काय लावायचा, स्प्रिंकलर बंद कर?

कुळागरकर_सावईवेरे

स्प्रिंकलर कुणी म्हटलं? 😀 हा माझा प्रांत.

आमच्या कुळागरात पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल सगळं आहे, आजोबांच्या वेळी पाटाचं पाणी होतं, आता अर्ध्या भागात स्प्रिंकलर आणि नवीन लावणीला ठिबक. सरकारी फॉर्मवर त्याला तुषार सिंचन आणि ठिबक सिंचन म्हणतात. बोलताना मात्र आम्ही कुणीच तुषार सिंचन म्हणत नाही, म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. पण शब्द किती नेमका आहे बघा, ठिबक म्हणजे थेंब थेंब एका जागी मुळाशी पडतो, तुषार म्हणजे वर उडून सगळीकडे विखुरतो. एकच पंप, एकच विहीर, पाणी बाहेर कसं पडतं त्यावरून शब्द बदलला.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, यावर माझं ठाम मत आहे आणि ते पुस्तकातून आलेलं नाही. पावसाच्या तोंडावर आम्ही पोफळींना बोर्डो मारतो, कोळेरोग येऊ नये म्हणून. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, धातूच्या भांड्यात नाही. गडी वर चढतो, नोझल घोसाकडे धरतो आणि खालून पंप सुरू. उन्हात खालून वर बघितलं ना तर नोझलच्या तोंडाशी आकाशी रंगाचा धूर निघाल्यासारखा दिसतो, इतका बारीक की पाणी आहे असं वाटतच नाही, कधीकधी त्यात इंद्रधनुष्याचा तुकडा पण दिसतो. ते तुषार. मग तेच पाणी पानावरून, घोसावरून, गड्याच्या कोपरावरून निथळत खाली येतं आणि माझ्या शर्टावर पडतं. ते शिंतोडे! निळे ठिपके, किती धुवा जात नाहीत, माझे तीन शर्ट असे आहेत, बायको त्यांना बोर्डो डिझाईन म्हणते.

म्हणजे पाणी तेच. हवेत आहे तोवर तुषार, येऊन अंगावर बसलं आणि डाग सोडला की शिंतोडा. आबोलीताई म्हणतात तसा चिखल असायलाच हवा असं काही नाही.

आबोली_म्हापसा

ओके हे पटलं. तरी चिखल म्हटल्यावर मला माशेलचा चिखलकालाच आठवतो, आषाढात देवकीकृष्णाच्या देवळासमोर, तिथे बघणाऱ्याला सुद्धा कोरडं परत येता येत नाही. त्यांना तुषार म्हणून बघा कुणी 😂

सुलभा_काणकोण

एक गोष्ट कुणीच नाही लिहिली. शिंतोडे उडवणे याचा दुसरा अर्थ आहे ना, कुणाच्या नावावर, चारित्र्यावर शिंतोडे उडवणे. निवडणुका आल्या की पेपर भरून असतो. तिथे तुषार चालतच नाही. “विरोधकांनी माझ्यावर तुषार उडवले” म्हणजे वाटेल सत्कारच केला, गुलाबपाण्याने. म्हणून मला वाटतं मराठी कानाला शिंतोड्यात थोडी नको असलेली गोष्ट ऐकू येते आणि तुषारात हवीहवीशी. बाईंना तेच खटकलं असणार, मुलीने मजा आली लिहिलंय ना.

पण अर्धा मार्क कापणं मला नाही पटलं. शब्दकोशाच्या हिशोबाने उडालेला थेंब म्हणजे शिंतोडा, चूक काहीच नाही. वर लिहून द्यायचं, मार्क द्यायचा.

तुषार_मडगाव

नाव बघून आलो 🙋 आयुष्यभर ‘तुझ्या नावाचा अर्थ काय’ याला मी दव सांगत आलोय. आता कळतंय बर्फ पण आहे, फवारा पण आहे. दव चूक आहे का?

अण्णा_डिचोली

चूक म्हणू नका, जुन्या अर्थात दव बसतं, वर अमरकोशाची ओळ दिलीच आहे. पण आजच्या मराठीत दव वेगळं आणि तुषार वेगळे. दव कुणी उडवत नाही. रात्री गवताचं पान थंड पडतं, हवेतली वाफ त्यावर बसून पाणी होते, म्हणजे ते जिथल्या तिथे तयार होतं. आपण ‘दव पडलं’ म्हणतो खरं पण ते वरून पडत नाही. जुन्या कवितेत त्यालाच दहिवर म्हणायचे, किती गोड शब्द, आता कुणी वापरत नाही. तुषार व्हायला काहीतरी आदळावं, फुटावं किंवा जोराने बाहेर यावं लागतं.

आणि एक व्याकरणाची गंमत सांगतो. थेंब मोजता येतो, एक थेंब, दोन थेंब, औषधाचे पाच थेंब. शिंतोडा पण मोजता येतो, कॉलरवर एक शिंतोडा आहे. पण ‘एक तुषार’ म्हणून बघा. जमत नाही. मडगावचे आमचे मित्र सोडले तर एक तुषार मराठीत सापडत नाही, नेहमी घोळक्याने. थेंबे थेंबे तळे साचे, पण तुषारांनी कधी तळं साचलेलं ऐकलंय?

नाईट_ड्यूटी

मी लॅबमध्ये आहे, हॉस्पिटलचं नाव नको. तुषार म्हणजे हवाहवासा असं सुलभाताई म्हणतात त्यावर मला २०२० आठवलं. मार्चमध्ये मराठीतले पोस्टर आले, शिंकताना-खोकताना उडणारे तुषार, तोंडावर रुमाल धरा वगैरे. आम्ही आपसात ड्रॉपलेटच म्हणायचो पण पोस्टर मराठीत म्हणून तुषार. माझ्या आतेने ते वाचून विचारलं, गो, खोकल्याला पण तुषार? मग थुंकीला काय अत्तर म्हणायचं? तेव्हा हसलो पण तिचा मुद्दा खरा होता, शब्द इतका छान की भीतीच वाटेना.

पण दुसरा शब्द कुठला घालणार होते सांगा. थेंब म्हटलं की माणसाला डोळ्याला दिसणारी गोष्ट वाटते. शिंकेतून जे उडतं त्यातलं बरंचसं दिसतच नाही. तेव्हा पाच मायक्रॉनची एक रेघ मारली होती, त्याच्या वरचे ते ड्रॉपलेट, मीटर-दोन मीटरमध्ये खाली बसतात, त्याच्या खालचे ते एरोसोल, हवेत तरंगत राहतात. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरा म्हणजे अंदाज येईल. नंतर कळलं की ती रेघ फारच ढोबळ होती, पाचाहून कितीतरी मोठे कण सुद्धा बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. कुळागरकर म्हणतात ना, हवेत आहे तोवर तुषार, तर त्या हिशोबाने पोस्टरवाला अगदी बरोबर होता, नाही का. त्रास तर तो कण हवेत होता म्हणूनच झाला.

रेल्वेवाला

हवेत तरंगणं म्हटल्यावर दूधसागर आलाच पाहिजे. ३१० मीटर वरून पाणी टप्प्याटप्प्याने पडतं, खडकावर आपटून त्याचं दूध होतं. पावसाळ्यात कुळ्याहून कॅसलरॉककडे जाणारी गाडी त्या पुलावरून हळूहळू जाते, घाटच असा आहे, ३७ मीटरला एक मीटर चढ. डब्यातले निम्मे लोक खिडकी उघडायला धावतात, निम्मे बंद करायला. मग आत जे येतं त्याला काय म्हणाल? मी बसलेलो तेव्हा पाऊस नव्हता, तरी चष्मा आंधळा झाला, कपडे मात्र भिजले नाहीत, नुसते दमट झाले. थेंब म्हणून वेगळा असा एकही हाताला लागला नाही. शिंतोडे तर अजिबात नव्हते. आता सांगा बाई बरोबर की नाही.

वाळपईची_लेक

तुम्ही सगळे पुस्तकातलं बोलताय, आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाला चार महिने दुसरं कामच नसतं त्यामुळे शब्द पण तसे. माझी आजी कोकणीच बोलायची, मराठी फक्त पोथीपुरती. थेंबाला थेंबो, दवाला दंव, डोंगरावरून खाली उतरतं त्या धुक्याला धुंवर. आणि अगदी बारीक, छत्री उघडू की नको असा पाऊस असेल तर बुरबुर. तुषार हा शब्द तिने जन्मात उच्चारला नसेल. पोथीत आला असेल तर वाचला असेल, ते वेगळं.

म्हणून मला त्या पोरीची बाजू घ्यावीशी वाटते. गोव्यात मराठी माध्यमात शिकणाऱ्या पोराच्या कानावर घरी एक भाषा, वहीत दुसरी. शिंतोडे तिने घरी ऐकलाय, तुषार तिला वहीतच भेटणार. शिकू दे, पण तिचं चुकलं असं नका सांगू तिला. तिला जे झालं ते तिने तिच्याकडच्या शब्दात लिहिलं.

आणि हो, छपरावरून ओळीने गळतात त्या पागोळ्या, तो शब्द पण मुलांना द्या कुणीतरी. स्लॅबच्या घरात वाढणाऱ्या पोरांना पागोळ्या दिसणार कुठे.

आबोली_म्हापसा

बुरबुर आमच्याकडे पण म्हणतात! हवामानवाले त्याला काय म्हणतात?

नाईट_ड्यूटी

ड्रिझल. थेंबाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून कमी असेल तर ड्रिझल, जास्त असेल तर पाऊस. ढगातला कण तर त्याहून बारीक, एका मिलिमीटरचे पन्नास भाग केले तर त्यातला एक, म्हणजे वीस मायक्रॉन. असे लाखो कण एकमेकांना मिळतात तेव्हा कुठे एक पावसाचा थेंब होतो. आणि थेंब खूप मोठा झाला, पाच-सहा मिलिमीटरच्या वर, की पडता पडताच फुटतो.

सुलभा_काणकोण

अजून दोन सांगते आणि जाते, कुकर लावलाय. भटजी पूजा झाली की आंब्याच्या पानाने घरभर पाणी मारतात ते शिंपडणं, अंगावर पडलं तरी त्याला शिंतोडे कुणी म्हणत नाही, तुषार पण नाही, तीर्थ शिंपडलं म्हणतात. अंगणात शेणाचा सडा. वळवाच्या पावसाचा शिडकावा. डोळ्यातलं टिपूस. म्हणजे कुणी उडवलं, कशासाठी उडवलं त्यावर शब्द ठरतो आपल्याकडे, साईझ नंतर.

फोंडेकर_बाबा

बापरे, मी एक प्रश्न विचारला आणि तुम्ही पंक्तच वाढली. सगळ्यांना देव बरें करूं.

काल रात्री पोरीला बसवून कुळागरकरांचं निळ्या शर्टाचं आणि अण्णांचं दिलीप राजाचं वाचून दाखवलं. राजाचं तिला फारसं झेपलं नाही, गाय आवडली. मग म्हणाली, पप्पा, तिथे वर उभी होते तेव्हा तुषार होते, पण तुम्ही मला खाली त्या खडकापाशी नेलंत तेव्हा पाणी आपटून फ्रॉकवर लाल माती उडाली ती शिंतोडेच होती. आणि मी निबंधात खालचंच लिहिलं होतं. मी वही परत बघितली, खरंच, आदल्या वाक्यात “मग आम्ही अगदी खाली गेलो” असं आहे. म्हणजे अर्धा मार्क परत मागायचा का हा नवीन वाद सुरू झालाय, बायको म्हणते तोंडावर माती उडाली तर थंड थंड कसं वाटलं ते आधी सांग. त्यावर पोरगी गप्प आहे.

फ्रॉकचे डाग मात्र अजून गेलेले नाहीत.

आबोली_म्हापसा

बायकोला माझा नमस्कार सांगा 🙏😂

तुषार_मडगाव

@कुळागरकर, विषयांतर होतंय पण आमच्या मामांच्या दहा-बारा पोफळी आहेत, गेल्या वर्षी अर्ध्या सुपाऱ्या कोळ्याने गळल्या. बोर्डो बरोबर जमलाय हे कसं ओळखायचं? त्यांनी मारलेला पण उपयोग झाला नाही म्हणतात.

कुळागरकर_सावईवेरे

कोयत्याचं पातं किंवा साधं दाढीचं ब्लेड त्या मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घाला नि परत बघा, पातं स्वच्छ येईपर्यंत. आणि कालवलं की त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. मामांनी बहुतेक ठेवून मारला असेल, आमच्याकडे पण एकदा झालंय. आणि जुना शर्ट घालायला सांगा.